चौदा बोटं कमी पडलेलं कडं

बास्केटबॉल आमच्या गावात आला तेव्हा त्याला कुणी बास्केटबॉल म्हणत नसे. 'कड्याचा खेळ' म्हणत. कडं म्हणजे दहा फूट उंचीवर फळीला ठोकलेलं लोखंडी वर्तुळ. त्यातून चेंडू खाली पडला की दोन गुण. ते कडं मी दिलं होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण दुसरं कुणी सांगेल याची वाट पाहण्यात माझे बरेच दिवस गेले आहेत.

साठ सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. दिग्रसहून यवतमाळला जाणाऱ्या एस.टी.च्या रस्त्यावर आमचं गाव. तिथे कापसाच्या जिनिंगच्या एका रिकाम्या गोदामात नवीन कॉलेज सुरू झालं होतं. पोरं शंभराच्या आसपास, मास्तर सहा-सात. कॉलेजसमोर मुरमाचं मैदान, मैदानासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे हाटेल. हाटेलाबाहेर एक लांब बाकडं होतं. संध्याकाळी पाचला पोरं खेळायला आली की आम्ही चौघं त्या बाकड्यावर: हाटेलवाला, पोस्टातले बाबू, कापडदुकानदार आणि मी.

माझा धंदा बारदान्याचा, म्हणजे जुन्या गोणपाटाचा. दिग्रसच्या कापूसबाजारात फाटकी पोती गोळा करून ती दाभणाने शिवून विकण्यापासून मी सुरुवात केली. शाळा चौथीपर्यंत. मला दाभण धरता येत होतं आणि समोरच्याचा चेहरा वाचता येत होता, तेवढ्यावर गोदाम उभं केलं. डोकं लवकर तापतं हे मला मान्य आहे. पण मी सौदा मोडल्याचं कुणी दाखवून द्यावं.

कॉलेजचा संघ पहिल्या वर्षी यवतमाळच्या स्पर्धेला गेला तेव्हा आमच्याकडे खांबच नव्हता. गोदामाच्या भिंतीवर चुन्याने गोल काढून पोरं त्यावर चेंडू मारत. तिथे जाऊन पुसदच्या पोरांकडून असा मार खाल्ला की परत आल्यावर चार दिवस कुणी मैदानात उतरलं नाही. मग ठरलं की गावाने खेळाचं सामान द्यायचं. खांब जंगलातून सागाचा आला. फळ्या हाटेलवाल्याने चहाच्या खोक्यांच्या दिल्या. कडं मी कबूल केलं आणि बनियनी कापडवाल्याने.

खेळाचे मास्तर मूळचे इतिहासाचे. त्यांनी मला एका चिठ्ठीवर कड्याचं माप लिहून दिलं आणि हाताने दाखवलंही. आरपार दोन विती. मी चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली आणि जिनिंगमधल्या भंगारातून मिळालेली एक सळई घेऊन लोहाराकडे गेलो. त्याने सळई जमिनीवर ठेवली, दोरीने माप धरलं आणि म्हणाला की कमी पडते. किती, म्हणून मी बोटं ठेवून मोजलं. चौदा बोटं. चौदा बोटांसाठी नवी सळई आणायची हे माझ्या स्वभावात बसत नाही. मी त्याला विचारलं, गोलच करायचं आहे ना? मग वाकवत जा, टोकाला टोक भेटलं की थांब. तो 'पण' म्हणाला. मी म्हणालो, पण-बिण काही नाही. वर फळीला ठोकायच्या दोन पट्ट्याही मी त्याच्याकडून त्याच सौद्यात करून घेतल्या आणि खूश होऊन घरी आलो.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. खांब उभा राहिला. प्राचार्यांनी नारळ फोडला आणि माइकवर भाषण केलं. त्यात कापडवाल्याचं नाव तीनदा आलं. त्याच्या बनियनींवर छातीवर त्याच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं, त्यामुळे पोरं जिकडे वळतील तिकडे ते नाव वळत होतं. माझ्या कड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कडं सगळ्यांच्या डोक्यावर होतं आणि कुणाच्या तोंडात नव्हतं. त्या दिवसापासून माझी एकच इच्छा होती. हे कडं कोणाचं, ते एकदा माइकवर सगळ्या गावासमोर मोठ्याने म्हटलं जावं.

दसरा जवळ आला तसं बाकड्यावर दुसरं बोलणं बंद झालं. दिवाळीनंतर यवतमाळला स्पर्धा, आणि चिठ्ठ्या टाकल्यावर पहिला सामना पुन्हा पुसदशीच आला. या वेळी जमतं का नाही, यावर रोज चर्चा. पोस्टातले बाबू खराब झालेल्या फॉर्मच्या मागे आकडे लिहीत, दहा वेळा चेंडू मारला तर किती वेळा आत गेला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारा एक उंच पोरगा आमचा हुकमी खेळाडू. तो नुसता हात वर करून उभा राहिला तरी समोरच्याला आभाळ दिसत नसे. पण त्याचाही चेंडू कड्याला आपटून बाहेर यायचा.

"दहात दोन," बाबू म्हणाले. "काल बी दोन, आज बी दोन. सुधारणा म्हणसान तं एवढीच का आज चेंडू रस्त्यावर नाही गेला."

हाटेलवाल्याची चिंता वेगळी होती. त्याने कुठून तरी ऐकलं होतं की अर्धा खेळ झाला की बाजू बदलतात. "आपले पोट्टे एकाच खांबावर शिकून राह्यले ना बाप्पा. तठी बाजू बदलली तरी हे जुन्याच बाजूले पळतीन." आम्ही हसलो, पण भीती खरी होती.

मग कारणं निघाली. कुणी म्हणे मैदानावर वारा आडवा येतो. हाटेलवाल्याच्या मते वसतिगृहातल्या डाळीत डाळ नव्हती. बाबूंचा संशय मास्तरांवर होता, कारण ते खेळ शिकवताना पानिपताचे दाखले देत आणि पानिपतात आपण हरलो होतो. चहा संपवून, कप खाली ठेवून कापडवाला शांतपणे म्हणाला, "पोट्ट्यायत काही खोट नाही. बनियनी तं एक नंबर हायेत. मले वाटते, कडंच वाकडं असन."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. उठलो, गोदामातून शिडी आणली, खेळ थांबवला, खांबाला शिडी लावली आणि सगळ्या मैदानासमोर वर चढलो. कडं वाकडं आहे म्हणतो काय.

वर जाऊन मी कड्यात वाकून पाहिलं. मास्तरांनी हाताने दाखवलेल्या दोन विती मला तेव्हा आठवल्या. मी वीत ठेवली. एक वीत बसली. दुसरी बसेना. अर्धी आणि वर दोन बोटं, की समोर लोखंड. चार महिने ती पोरं त्या भोकातून चेंडू काढायला धडपडत होती, आणि ते भोक मी चौदा बोटं कमी असलेल्या सळईत बसवलं होतं.

खालून कापडवाल्याने विचारलं, "काय सेठ, वाकडं हाय का?"

"एकदम गोल हाय," मी म्हणालो. "पाहाचं असन तं ये वर."

हे खरं होतं. धंद्यात मी खोटं बोलत नाही. जे विचारलं नाही ते सांगत नाही, एवढंच. कापडवाला जाडजूड माणूस, शिडी चढणार नाही हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लोहाराकडे गेलो. त्याची बायको भाता ओढत होती, तो नांगराचा फाळ तापवत होता. मी हळू आवाजात, पण रागाने म्हणालो की कडं लहान झालं. त्याने वरही पाहिलं नाही.

"तुमीच म्हणाले, टोकाले टोक भेटलं का थांब. भेटलं. थांबलो."

मी म्हणालो, नवं करून दे. सळई मी आणतो, पूर्ण मापाची. रात्रीतून बदलून टाकू, कुणाला कळायला नको. तो हो म्हणाला. त्यावर त्याची बायको भाता न थांबवता म्हणाली, "कायले बदलता, भाऊ? सुईत दोरा ओवणारीले दाभणात सुतळी ओवाले सांगतली, तं ते हासन का रडन?"

ती कुणाशी बोलत होती हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर दाभण हातात असलेला माणूस मी. एका क्षणात मला सगळं दिसलं. यवतमाळचं कडं पूर्ण मापाचं असणार. आणि आमची पोरं चार महिने सुईत दोरा ओवत होती. मी उठलो आणि दोघांनाही सांगितलं की हे बोलणं इथेच राहिलं पाहिजे. लोहार म्हणाला, राहील. सामना होईपर्यंत राहील.

त्या संध्याकाळी बाकड्यावर मी जाहीर केलं की पुसदला आपण हरवणार. बाबूंनी फॉर्म दाखवला. दहात दोन. कापडवाल्याने विचारलं, "कायच्या भरवशावर?" मी म्हणालो, माझ्या भरवशावर. मग आमचा सौदा सुरू झाला. जिंकलो तर पुढच्या बनियनींवर माझ्या दुकानाचं नाव, असं मी मागितलं. तो आठवडाभर चहा पाजायला तयार झाला. मी उठून जायला निघालो, त्याने हात धरून बसवलं. दोन कप चहा होईतो ताणलं आणि शेवटी ठरलं ते असं: जिंकलो तर सत्काराच्या दिवशी कापडवाल्याने स्वतः माइकवर उभं राहून कडं कोणी दिलं ते सांगायचं. हरलो तर मी शिडी लावून कडं उतरवायचं आणि संघ माझ्या कड्यामुळे हरला, असं चारचौघांत कबूल करायचं. बाबूंनी ते फॉर्मच्या मागे लिहून घेतलं. सौदा कापडवाल्याला फायद्याचा वाटला. तसाच मी तो मांडला होता.

सामन्याच्या दिवशी माझ्या बारदान्याचा ट्रक यवतमाळला जाणारच होता. संघ पुढे, आम्ही मागे पोत्यांच्या गठ्ठ्यांवर. लोहारही चढला. आपण केलेल्या वस्तूचा खेळ काय असतो ते पाहायचं आहे म्हणाला. मी त्याला माझ्या शेजारीच बसवलं, तोंडावर लक्ष ठेवायला.

पुसदची पोरं बूट घालून आली होती. आमच्यातली तिघं अनवाणी. सामन्याआधी हात मोकळे करायला पाच मिनिटं मिळाली. तांड्यावरच्या उंच पोराने पहिला चेंडू टाकला. तो कड्याला न शिवता खाली पडला. पोराने आपल्या हाताकडे पाहिलं. दुसरा टाकला, तोही गेला. तिसराही. मग बाकीच्यांनी टाकले. बाबू आकडे लिहायचे थांबले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. संघातलं एक बारकं पोरगं त्यांच्याजवळ येऊन विचारू लागलं, "सर, हे कडं आपल्यासाठीच हाय ना? का लहान पोरायसाठी लावलं?"

माझ्या शेजारी लोहार पोट धरून हसत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

सामना काही सोपा गेला नाही. ती पोरं पळण्यात आमच्या दुप्पट होती. पण आमच्याकडे चेंडू आला की आत जायचा, आणि अर्ध्या वेळेला आम्ही पुढे होतो. मग बाजू बदलली. आमचा उंच पोरगा चेंडू घेऊन खरोखरच जुन्या बाजूला पळाला. हाटेलवाला उठून ओरडला नसता तर त्याने पुसदलाच गुण दिले असते. शेवटी दोन गुणांनी जिंकलो. दुसऱ्या सामन्यात यवतमाळच्या संघाने आम्हाला धुतलं, पण ते आम्ही मनावर घेतलं नाही. पुसदला हरवलं होतं.

परतीच्या ट्रकमध्ये फाटक्या पोत्यांचे गठ्ठे भरलेले, आणि पोरं गात होती. लोहाराने सामना होईपर्यंतचं वचन पाळलं होतं, आणि सामना संपला होता. सळई, चौदा बोटं, टोकाला टोक, सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. कापडवाला इतका हसला की गठ्ठ्यावरून घसरला.

सत्काराच्या दिवशी तो माइकवर उभा राहिला. शब्दाचा पक्का माणूस, हे मी नाकारत नाही. त्याने माझं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. म्हणाला, हे कडं यांनी दिलं, आणि कसं दिलं तेही ऐका. मग त्याने पहिल्यापासून सांगितलं. भंगारातली सळई, लोहाराची कटकट, शिडीवरून मी दिलेलं उत्तर. मैदानभर गाव बसलं होतं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, प्राचार्य हसत होते, पोरं तर लोळत होती. "सळई फूटभर कमी होती," तो म्हणाला, "पण गड्याने एक पैसा जास्त सोडला नाही. तो कंजूस नसता तं आपण हरलो असतो."

माझं डोकं तापलं. मी जागेवरच उभा राहिलो. मी काय बोलणार याची मलाही कल्पना नव्हती.

"फूटभर नाही," मी म्हणालो. "चौदा बोटं."

त्यावर जी टाळी पडली तशी प्राचार्यांच्या भाषणालाही पडली नव्हती.

पुढच्या वर्षी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नागपूरहून आणलेलं पूर्ण मापाचं कडं लागलं. मास्तरांना माझंही बदलायचं होतं. पोरांनी बदलू दिलं नाही. सराव त्याच्यावरच, म्हणाली. कापडवाल्याच्या बनियनी दोन पावसाळ्यांत फाटल्या. माझं कडं गंजलं, पण वर राहिलं.

तरी माझी तक्रार संपलेली नाही. गावात आजही ही गोष्ट निघते आणि सांगणारा दरवेळी फूटभरच म्हणतो. मी भेटेल त्याला दुरुस्त करतो. फूट म्हणजे सोळा बोटं, माझी चौदा होती. साक्षीला लोहार आहे. पण त्याला विचारलं की तो म्हणतो, सोळाच होती, सेठ, माझ्या बोटांनी सोळा. हाटेलवाल्याने एकदा मध्ये पडून पंधरावर मिटवा म्हणून सांगितलं. मी चौदाच्या वर जायला तयार नाही, आणि लोहार सोळाच्या खाली उतरत नाही.