वाळवीच्या राणीचे पंख

बाना कासुबाला मी आठ वर्षांत धड बसलेली पाहिली नाही. दवाखान्याच्या बाकावर टेकली तरी एक पाय हलत असतो आणि दुसरा उठायच्या तयारीत. चहा उभ्यानं, मक्याच्या पिठाचा घट्ट नशिमाही उभ्यानं. "अगं, नशिमा तरी बसून खा, घशात अडकेल," असं मी सांगते, तोवर ती सायकलवर टांग टाकून गेलेलीसुद्धा असते.

तिचं खरं नाव न्कांडू. पण लेक झाल्यापासून ती कासुबाची आई, म्हणून बाना कासुबा. तशी मी बाना चोला. कितवे शहरातल्या आमच्या वस्तीच्या दवाखान्यात मी रक्त तपासते. ती दारोदार फिरून मच्छरदाण्या बघते. पगार नाही. एक टोपी, रबरी बूट आणि सायकल मिळाली, बाकी सगळा मान. घरात शिरायचं, वाकून पलंगाकडे बघायचं आणि विचारायचं, "टांगलीय का?" पोरं तिला लांबून बघूनच ओरडतात, "टांगलीय का आली!"

तिच्या तडाख्यातून कुणी सुटलेलं नाही. एका नवरीनं मच्छरदाणीची ओढणी केली, तर हिनं लग्नाच्या मांडवात तिची खरडपट्टी काढली. शिकुलु काटोंगो, म्हणजे आख्ख्या गल्लीचे आजोबा. त्यांनी कोंबड्यांपासून वाचवायला टोमॅटोच्या रोपांवर मच्छरदाणी घातली होती. हिनं भर गल्लीत त्यांना धारेवर धरलं. "आजोबा, टोमॅटोला मलेरिया होतो का?" म्हातारा महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

गेल्या वर्षी तिच्या लेकीनं, कासुबानं, चित्रकथांच्या चाहत्यांच्या संमेलनात वेशभूषा स्पर्धेत भाग घेतला. पोशाख आईनं शिवला, आणि खूळ आईलाच लागलं. यंदा लेक शाळेच्या वसतिगृहात गेली, तर हिनं स्वतःचंच नाव दिलं. वय एक्केचाळीस. स्पर्धेला बाकी सगळी पोरंसोरं.

"काय होणार आहेस?" मी विचारलं.

"वाळवीची राणी. पंखांची."

मी पोट धरून हसले. पंखांची वाळवी आम्ही मीठ लावून भाजून खातो. पण ती हसली नाही. जुन्या गादीचा फोम कापून तिनं पोटाची वळी केली, त्यावर तपकिरी अस्तर ताणून शिवलं. डोक्यावरच्या मिशांना सायकलच्या ब्रेकची तार काढली. तेव्हापासून ती सायकल बुटानं थांबवते. अडलं ते पंखांपाशी. प्लास्टिक कडकड वाजे, पडद्याचं कापड जड पडे. मग तीन आठवडे आधी एकाएकी म्हणाली, "झाले पंख." दाखव म्हटलं तर, "शनिवारीच बघ," आणि नजर दुसरीकडे. त्या तीन आठवड्यांत तिची भिंगरी आणखीच जोरात फिरायला लागली. दारात यायची, काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि न सांगताच निघून जायची.

शनिवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. पुठ्ठ्याच्या तलवारी, रंगवलेले केस, घामानं ओघळलेले चेहरे. मी तिसऱ्या रांगेत. सतरावा क्रमांक पुकारला आणि ती आली.

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. चार लांब पंख पाठीमागे पसरलेले, आणि ते थरथरत होते. दिव्याकडे झेपावण्याआधी वाळवी थरथरते ना, अगदी तसे. आमची बाना कासुबा तिथे नव्हतीच, खरोखर एक राणी उभी होती.

मग ती वळली. एका पंखाच्या टोकाला नाडीचा फास लोंबत होता. तो फास मी हजार वेळा पाहिलाय. मच्छरदाणी खिळ्याला अडकवायचा फास. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निळ्या केसांच्या परीक्षकानं विचारलं, "मावशी, पंखांना कापड कुठलं हो?"

ती जागच्या जागी चुळबुळली. "ओढणीचं. बाजारातून आणलं."

"आणि ही थरथर कशी साधली? आत स्प्रिंग आहे?"

"नाही. आपोआपच होतेय."

सगळे हसले. हस्तकौशल्याचा चषक तिला मिळाला.

बाहेर मी तिला गाठलं. "अभिनंदन. नाडी कापायची राहिली तेवढी."

तिचा चेहरा राखेसारखा झाला. "बाना चोला, कुणाला बोलू नकोस. कळलं तर एक दार उघडायचं नाही मला. आठ वर्षं पाण्यात जातील."

"मग का कापलीस?"

"आठ वर्षं मी वाकून लोकांचे पलंग बघतेय ग. एकदा वाटलं, लोकांनी मान वर करून मला बघावं."

मी फणकाऱ्यानं निघून आले. तिचा हात हातात घेतला असता तर तेव्हाच कळलं असतं. घेतला नाही, ते मला अजून टोचतं.

सोमवारी सकाळी ती दवाखान्यात आली. भिंतीला धरून, पाय ओढत. आणि बाकावर बसली. नुसती बसली, पाय न हलवता. मी घाबरले ती तिथेच. बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर टाकला. दोन रेघा उमटल्या, म्हणजे मलेरिया. ती राणीची थरथर तापाची होती.

नियमाप्रमाणे फॉर्म भरायचा. त्यावर पहिलाच प्रश्न तोच, जो ती दारोदार विचारते. रांगेत पंधरा-वीस माणसं, सगळी तिच्या ओळखीची, सगळी तिच्या तोंडाचा मार खाल्लेली. खोकल्याच्या औषधाला आलेले शिकुलु काटोंगो तर तिच्या पाठीमागेच.

मी वाकून हळूच म्हटलं, "मी 'हो' लिहिते. तू गप्प बस."

तिनं माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. मग रांगेकडे बघितलं. दात वाजत होते, तरी आवाज नेहमीचा, गल्लीभर ऐकू जाणारा.

"नाही लिही. मी मच्छरदाणीत झोपत नाही."

"कारण?"

"कापली. पंख केले तिचे. ओढणीचं कापड म्हणाले ते खोटं. चषक परत करणारेय."

मग मागून एक पोरगी किंचाळली, "टांगलीय का?" आणि अख्खी रांग खो खो हसायला लागली. ती मांडवातली नवरी पोर कडेवर घेऊन उभी होती, ती तर डोळे पुसत हसत होती. बाना कासुबानं मान खाली घातली. संपलं, असं मला वाटलं. आता हिला कोण दारात उभं करणार!

शिकुलु काटोंगो हसले नव्हते. ते काठी टेकत पुढे आले.

"पोरी, टोमॅटोवरची काढली होती मी. तू बोललीस त्याच दिवशी. धुऊन टांगलीय. तू ने ती."

तिनं डोकं वर केलं. डोळे लाल, ओठ फुटलेले.

"भोकं?"

"शिवलीयत."

"आणि मग तुम्ही कशाखाली झोपणार?"

म्हातारा काठीच्या टोकानं फरशी उकरत राहिला.

"मी विचारतेय, आजोबा. तुम्ही कशाखाली झोपणार? ती तशीच राहू दे. मी संध्याकाळी बघायला येणारेय." आणि ती खरंच उठायला लागली. मी खांद्याला धरून तिला खाली बसवलं.

कपाटात एक नवी मच्छरदाणी शिल्लक होती, गरोदर बायकांसाठी राखलेली. कडेवर पोर असलेली ती नवरी आता पुन्हा सात महिन्यांची होती, तिचा नंबर पहिला. मी पाकीट तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं आणि बाना कासुबाच्या मांडीवर ठेवलं.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "टांगलेली. संध्याकाळी आधी माझ्याकडे येऊन बघ."

बाना कासुबाचा पाय हलायला लागला.