बुडालेली सून

प्रभाकरराव अल्लीपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत. दगड तळाशी गेला की सिंक, माणसानं आपणहून बुडी मारली की डाइव्ह, पाण्यात गुदमरून जीव गेला तर ड्राउन, आणि नुसतं पाण्याखाली असलं तर सबमर्ज. मराठीत बुडणं एकच, त्यामुळे पोरं हमखास घोळ करत आणि मास्तर वैतागत.

१९७८च्या उन्हाळ्यात धान्याचे व्यापारी सदाशिवराव त्यांच्याकडे एक कागद घेऊन आले. त्यांची सून सुलोचना त्या सकाळी विहिरीत सापडली होती. तिला वर काढणाऱ्या चिंधूचा जबाब होता तो, खाली अंगठा. वर्ध्याला आलेला नवा पोलीस साहेब मद्रासकडचा, त्याला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून जबाब इंग्रजीत करून हवा होता. कागदावर एवढंच होतं, की सून विहिरीत बुडालेली होती. मास्तरांनी ड्राउन लिहून दिलं. त्या कागदावर चिरफाड टळली आणि दिवस मावळायच्या आत सरण पेटलं.

चार दिवसांनी चिंधू आला. त्यानं काय लिहून दिलं ते विचारलं, मास्तरांनी सांगितलं.

"बुडालेली म्हंजे पाण्याखाली होती, गुरुजी. पाण्यानं मेली असं मी काऊन म्हनीन? पोटात थेंबभर पाणी नव्हतं तिच्या. गळ्यावर दोरीचा वळ होता, तोही सांगतला मी. सदाशिवरावाईनं लिहिलाच नाई."

मास्तर मागच्या अंगणात जाऊन ओकले. सदाशिवरावांची किळस आलीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या त्या वळणदार अक्षराची. एक प्रश्न विचारला नव्हता त्यांनी. याच चुकीसाठी ते पोरांचे गुण कापत.

दुसऱ्या दिवशी ते चिंधूला घेऊन वर्ध्याला गेले, नवा जबाब लिहिला, त्यात सबमर्ज घातलं, वळही घातला. साहेबानं तो वाचला. प्रेत जळालं, आता क्रियापद बदलून काय होणार, असं म्हणून त्यानं कागद फायलीत ठेवला. तो तिथून कधी बाहेर आला नाही.

सदाशिवराव शाळेच्या मंडळावर होते. जूनमध्ये मास्तरांचे इंग्रजीचे तास गेले, भूगोल आला. रिटायर होईपर्यंत त्यांनी तोच शिकवला.

वर्षाच्या आत सुलोचनेचा नवरा बंडूजी पुन्हा बोहल्यावर चढला. पत्रिका द्यायला सदाशिवराव स्वतः आले, हसत म्हणाले, "झालं गेलं सोडा मास्तर, जेवायले येजा." मास्तरांनी ती हातात घेतली नाही. ते गेल्यावर ओट्यावर ठेवलेली पत्रिका त्यांनी चिमट्यानं उचलली, चुलीत घातली, आणि तरी हात साबणानं धुतले.