पडलेला खांदा

माझी बायको बेळ्ळंदूरला राहते आणि मी हेब्बाळला, एकाच शहराच्या दोन टोकांना. आमचं भांडण झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढं ऐकलं की लोक एकदम हळू आवाजात बोलायला लागतात. भांडण असतं तर बरं झालं असतं, मिटवता तरी आलं असतं. नात झाली, लेकीची रजा संपली, आणि बायको बॅग भरता भरता म्हणाली, "थोडे दिवस जाऊन येते की." ती नात आता प्लेस्कूलला जाते आणि वॉचमनशी कन्नडमध्ये भांडते. थोडे दिवस काही अजून संपलेले नाहीत.

मी तिकडं राहून बघितलं, नाही असं नाही. लेकीचा फ्लॅट चांगला उंचावर आहे. गॅलरीतून तळं दिसतं, वारा फिरला की तळ्याचा वासही घरात येतो. पण खोल्या दोनच. एकीत लेक-जावई, दुसरीत आजी आणि नात, आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर. जावई पुण्याचा, स्वभावानं सोनं आहे, पण त्याचं ऑफिस त्याच हॉलमध्ये भरायचं. मी खोकलो की तो हात वर करून म्हणायचा, "अप्पा, सॉरी हां, क्लायंट कॉल चालू आहे." खोकला गिळून गिळून माझी छाती दुखायला लागली. शेवटी मी पिशवी उचलली. बायको लिफ्टपर्यंत आली, "जेवत जा वेळेवर," म्हणाली, आणि लिफ्टचं दार लागलं.

घर खायला उठतं म्हणतात ना, ते मला आधी उगाच बोलायची पद्धत वाटायची. हेब्बाळच्या घरी परतल्यावर कळलं. भांडी होती, पलंग होता, टीव्ही होता, पण आवाज गेला होता. आमच्या घरात दुपारी शिलाई मशीन चालायची. लग्न करून निपाणीहून इथं आलो, त्यानंतर पहिली मोठी खरेदी म्हणजे ती पायाची मशीन. ह्या बाईनं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या हातचं ब्लाउज अंगाला लावलं नाही. परकर, ब्लाउज, लेकीचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, सगळं त्या मशीनवर. बाहेर कुठं लग्नाला गेलो की ही नवरीकडं बघायचीच नाही, आधी आजूबाजूच्या बायकांचे गळे बघायची आणि माझ्या कानाशी पुटपुटायची, "मुंढा बघा कसा कापलाय, हात वर केला की गेलं." मुंढा म्हणजे बाही जिथं जोडतात तो घेर, हेही मला तिच्यामुळंच माहीत.

मशीन तिनं तिकडं नेली नाही. आधी म्हणाली, थोड्या दिवसांसाठी कशाला. नंतर लेक म्हणाली, "आई, खाली आवाज जातो, असोसिएशनवाले मेसेजवर मेसेज टाकतील." त्यामुळं बायको आता लेकीनं फोनवरून मागवलेले कुर्ते घालते. गळा कुठं, खांदा कुठं. व्हिडिओ कॉलवर तिला त्या कुर्त्यात बघितलं की माझं मन कसंनुसं व्हायचं. ती आमच्या घरची वाटायचीच नाही.

एका दुपारी मी मशीनवरचं कापड काढलं. धूळ पुसली, तेल घातलं. नुसता पाय मारला तर तीच खडखड घरभर झाली आणि मला इतकं बरं वाटलं की मी बराच वेळ सुईत दोरा न घालताच ती चालवत बसलो. वरच्या मजल्यावरच्या अक्का खाली आल्या. "वहिनी आल्या काय?" दारातूनच विचारलं त्यांनी. मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाल्या, आणि चहाला न थांबता गेल्या.

मग म्हटलं, चालवायचीच तर काहीतरी शिवू. मी कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. आयुष्य लोखंडाची मापं घेण्यात गेलं, कापडाची काय मिजास! चिकपेटला जाऊन निळ्या चौकड्यांचा कटपीस आणला. दुकानदार म्हणाला, "स्वल्प जास्ती घ्या, सार." मी म्हटलं, नको, हिशेबानं लागेल तेवढंच द्या. घरी आल्यावर एक जुना शर्ट उसवला, त्याचे तुकडे कापडावर ठेवले आणि खडूनं नवा बेतला. आणि काय सांगू, लोखंड जिथं ठेवाल तिथं राहतं हो. कापड राहत नाही. तुम्ही टीप मारताय तोवर ते तिकडं सरकून बसलेलं असतं. कॉलर जोडताना माझ्या नाकी नऊ आले. बटणं तर मी डावीकडं लावून बसलो, बायकांच्या कपड्यांना असतात तशी, कारण समोर नमुन्याला तिचंच एक ब्लाउज ठेवलं होतं.

पण घातला मी तो. आपल्या हातचा पहिला शर्ट कोण कपाटात ठेवतो? हेब्बाळच्या तळ्याकाठी फिरायला गेलो तर माझ्यासोबत चालणारे रिटायर्ड मास्तर माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "मिसेसचा घालून आलात की काय?" हसू दे, म्हटलं. रविवारी तोच शर्ट घालून रिंग रोडची बस पकडली आणि बेळ्ळंदूरला गेलो.

बायकोनं दार उघडलं, बटणांकडं बघितलं आणि खाली बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी. नात तिच्याकडं बघून हसायला लागली, जावई हेडफोन काढून हसायला लागला. "बस की आता," मी म्हटलं. मग तिनं मला खांद्याला धरून वळवलं आणि तिचं हसू थांबलं. "पाठीला काय पोतं बांधलंय? थांबा, हलू नका." आत जाऊन टाचण्यांची डबी घेऊन आली. ती डबी मात्र तिनं इकडं आणली होती, हे मला तेव्हा कळलं.

ती माझ्या मागं उभी राहिली. दोन बोटांनी मानेखालचं कापड धरलं, तळहात पाठीवरून खाली नेला, टाचणी लावली. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिची सवय. "उजवा खांदा पडलाय तुमचा. पहिल्यापासूनच. तुम्हाला कधी कळलं नाही, मी दुकानच्या शर्टांनासुद्धा आतून टीप घालून द्यायची." किती दिवसांनी कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला होता! माणूस एकटा राहतो तेव्हा चहा स्वतः करतो, औषध स्वतः घेतो, पण पाठीपर्यंत स्वतःचा हात पोचत नाही. मला वाटत होतं, तिनं आणखी चुका काढाव्यात. आणखी टाचण्या लावाव्यात.

मग तोच आमचा रिवाज झाला. आठवडाभर मी कापायचो आणि कच्चा धावदोरा घालून शर्ट जोडायचो. रविवारी तो पिशवीत घालून न्यायचो, ती मला गॅलरीच्या दारात उजेडात उभं करून पाठीवर टाचण्या लावायची, आणि सोमवारी मी त्या टाचण्यांवरून पक्की टीप मारायचो. हळूहळू दुकानचे शर्ट मी घालायचेच सोडले. बँकेत जा, भाजीला जा, कुणाच्या मुंजीला जा, अंगावर माझाच शर्ट. बटणं उजवीकडं आली. कॉलर बसायला लागली. आणि तिच्यातही फरक पडला. मी कापड बाहेर काढलं की ती नातीला म्हणायची, "जा, आजोबांचा चष्मा आण," आणि कापड बोटांत चोळून बघायची, वास घ्यायची. फोनवर ती बोलायची ते नातीचं, दुधाचं, डब्याचं. माझ्या पाठीमागं उभी राहिली की मात्र घरचं बोलायची. वरच्या अक्कांचा गुडघा कसा आहे, मशीनचा पट्टा सैल झालाय का, कुंडीतला कढीपत्ता जगला का. मी समोर तळ्याकडं बघत उत्तरं द्यायचो. एकदा विचारलं, "कधी येणार तू?" मागून उत्तर आलं, "येते की पुढच्या महिन्यात." आणि टाचणी जरा टोचली.

लेकीला माझी कीव यायची. तिचंही खरंच होतं. हेब्बाळचा फ्लायओव्हर आणि पुढं रिंग रोड म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. एका रविवारी मी घामाघूम होऊन पोचलो तशी ती आईवर उखडली. "आई, तू अप्पांना एकदाच परफेक्ट पेपर कटिंग काढून दे ना. म्हणजे त्यांना फक्त फिटिंगसाठी एवढ्या ट्रॅफिकमध्ये यायला नको. बाकी आपण व्हिडिओ कॉल करतोच." बिचारी माझ्याच काळजीनं बोलत होती. बायको म्हणाली, "सरी, तसं करू." दुपारी तिनं खाकी कागद जमिनीवर पसरला, माझ्या पाठीचं माप घेतलं, डावी बाजू वेगळी काढली, उजवी वेगळी, पडलेल्या खांद्याची. कातर चालली ती एका दमात. मग कागदाची सुरळी करून माझ्या हातात दिली.

त्या कागदावरून शिवलेला शर्ट अंगावर असा बसला की मीच आरशासमोर दोनदा वळून बघितलं. पुढच्या रविवारी तो घालून गेलो. तिनं मला वळवलं, मागं उभी राहिली. मी वाट बघत होतो. "झालं की," ती म्हणाली. "आता ह्यात काढायला काही नाही." नातीला भूक लागली होती, ती तिला भरवायला आत गेली. टाचण्यांची डबी उघडलीच नाही. मी सोफ्यावर बसलो, पोहे खाल्ले, जावयाशी क्रिकेटचं बोललो आणि चांगला शर्ट घालून घरी आलो. बसमध्ये मला रडू यायला लागलं होतं. एवढा मोठा बाप्या, शर्ट नीट बसला म्हणून रडतोय!

त्या आठवड्यात मी सुरळी कपाटावर टाकली आणि नुसत्या नजरेनं कापड बेतलं. मुद्दाम वाईट कापलं असं नाही. पण चांगलं यावं म्हणून जीवही टाकला नाही. रविवारी धावदोऱ्यातला शर्ट बायकोपुढं धरला.

"पेपर कटिंग कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"झुरळांनी खाल्लं."

"खाकी कागद?"

"झुरळंच ती. काहीही खातात."

लेक लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाली, "अप्पा, मी पेस्ट कंट्रोल बुक करते." बायको आत गेली. डबी घेऊन आली, मला उजेडात उभं केलं आणि टाचण्या लावायला लागली. त्या दिवशी तिनं वेळ घेतला. हात खांद्यावर ठेवला तो बराच वेळ तिथंच होता. कढीपत्त्याचं विचारलं, अक्कांचं विचारलं. मी घरी आलो तो अगदी खुशीत.

सोमवारी टाचण्यांवरून टीप मारली आणि शर्ट घातला. आरशात बघितलं तर डावा खांदा उतरलेला. तिनं उजव्याच्या ऐवजी डावीकडून कापड आत घेतलं होतं.

मी घाबरलो. खरंच घाबरलो. अंधारात सुद्धा काज करणारी ही बाई. आतापर्यंत हिच्या टाचणीला कधी दुसऱ्यांदा हात लावावा लागला नव्हता. डोळे गेले का? डोकं चालेना झालं का? तिकडं पोरीच्या मागं धावून धावून हिचं काय झालंय, आणि मी इथं शर्ट शिवत बसलोय! तसाच शर्ट अंगावर ठेवून फोन लावला.

"अगं, डावा खांदा उतरलाय."

"होय?" ती म्हणाली. आवाजात आश्चर्य काडीचं नव्हतं. "असं कसं झालं म्हणायचं."

"तू डावीकडून घेतलंस. तुला दिसलं नाही काय?"

"दिसलं की." मागं नातीचं कार्टून चालू होतं. ते लांब गेलं, बहुतेक ही गॅलरीत आली असावी. "या रविवारी परत. बघते मी. आणि त्या झुरळांना सांगा, घरातल्या बाकीच्या कागदांना तोंड लावू नका."

फोन तसाच कानाला. तीही ठेवत नव्हती.

"मशीनवर कापड टाकून ठेवत जा," ती हळूच म्हणाली. "मला पण घरी यायचंय हो."

"ये की," मी म्हटलं. मग आत नात रडली आणि तिनं फोन ठेवला.

कपाटावरची सुरळी काढून मी ती पलंगाखालच्या ट्रंकेत खाली दडवली. तो शर्ट उसवला नाही. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी मास्तर म्हणाले, "आज उलटीकडून वाकडे झालात की हो." मी म्हटलं, असू दे, बायकोनं बसवून दिलाय. रविवार येईपर्यंत रोज तोच धुतला आणि तोच घातला.