उरुग्वे जवळ, पुणं लांब

अविनाशदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे न्यूझीलंडमध्ये, अल्बनीच्या मॉलमध्ये दुधाच्या फ्रीजसमोर उभी होते. माधवीवहिनी म्हणाली, "अविनाश गेला गं. सकाळी चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत..." मी "हो, हो" म्हणाले, दूध घेतलं, पैसे दिले आणि गाडीत येऊन बसले. रडू आलं नाही. याला सहा आठवडे झाले, अजून आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल जसा बधिर असतो, तसं काहीतरी आत झालंय.

आम्ही दोघं पुण्याचे, नात्याचे नाही, पण तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. विजेची कुंपणं बनवणाऱ्या इथल्या एका कंपनीत मी इंजिनिअर, आणि माल विकायला कुठल्या देशात जायचं हे ठरवणं त्याचं काम. बाकीचे लोक भाषा, जकात, लोकसंख्या यांचे तक्ते मांडत. हा कुठल्याही देशाबद्दल आधी एकच विचारायचा, "तिथे गाय दिवसभर कुठे असते?" सगळे हसायचे. तो हसायचा नाही. पक्का खडूस होता. पण मुद्दा खरा होता. न्यूझीलंडमध्ये शेकड्यांनी गायी कुरणात मोकळ्या चरतात, त्यांना आज या तुकड्यात, उद्या त्या तुकड्यात ठेवायला आमची तार लागते. जिथे गाय अशी चरतच नाही तिथे आपलं काम काय, एवढंच त्याचं शास्त्र.

सात-आठ वर्षांपूर्वी आमचा बॉस क्रेग भारताच्या प्रेमात पडला. इंग्रजी चालतं, क्रिकेट आहे, दुधाला तोटा नाही, आणि हाताशी दोन पुणेकर! पुण्यात ऑफिस काढलं तर ते मी सांभाळायचं, असं तो बोलूनही गेला. आई गेल्यावर माझे बाबा कोथरूडला एकटे होते. इथे आले की व्हिसा संपेपर्यंत कसेबसे राहायचे, खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसायचे, आणि माझी लेक त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. मी तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसले होते. दादा तीन आठवडे महाराष्ट्र-गुजरात हिंडून आला आणि त्यानं अहवालात लिहिलं, भारत नको. दारात दोन म्हशी, दावं, खुंटा, आणि वैरण त्यांच्यापुढे आणून टाकणारी बाई. कुंपण लागतं ते रानडुकरांसाठी, आणि ते तिथले लोक आपल्यापेक्षा स्वस्तात करतात. त्यापेक्षा उरुग्वेला जावं. भाषा स्पॅनिश, आपल्यातलं कोणी कधी तिथे गेलेलं नाही, पण गाय इथल्यासारखीच चरते.

"मेट, तिथे हीप्स ऑफ काऊज आहेत! आणि तुझा स्वतःचा देश आहे तो," क्रेग म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय," दादा म्हणाला.

मीटिंग संपल्यावर मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. "तुला काय रे, तुझे आईवडील कधीच गेलेत," मी म्हणाले. असं मी म्हणाले.

"सुनीती, दोन वर्षांत ते ऑफिस बंद करावं लागलं असतं. मग?"

"दोन वर्षं तर मिळाली असती!"

बाबा पुढच्याच वर्षी गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

उरुग्वेत माल खपला. आमच्यासारखीच दुसरी एक कंपनी भारतात गेली आणि गाशा गुंडाळून परत आली. तो बरोबर होता, हे मला कळत होतं. पुढे अबोला सोडला, गणपतीला त्यांच्याकडे मोदक खायला जायला लागले, पण "दादा, तुझं बरोबर होतं" एवढं काही तोंडातून निघालं नाही. त्याला ते ऐकायचं होतं की नाही, कोण जाणे... मला ते म्हणायचं नव्हतं. त्याच्या जिवाला काहीच लागलं नाही, असं मी मनाशी धरून बसले होते.

तो रिटायर झाल्यावर त्याचं काम माझ्याकडे आलं. गेल्या आठवड्यात नव्या बॉसनं पुन्हा विचारलं, इंडियाचं काय? म्हणून मी दादाचा जुना अहवाल उघडला. फाईल जितक्या वेळा सेव्ह केली तितक्या प्रती कॉम्प्युटर जपून ठेवतो. त्या सहज चाळल्या. प्रवासाहून आला त्याच दिवशी त्याचं सगळं लिहून झालं होतं, म्हशी, दावं, रानडुकरं, सगळं. फक्त 'शिफारस' या शब्दापुढची ओळ कोरी. दुसऱ्या दिवशी कोरी. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी, "पुण्यात लहानसं ऑफिस काढून बघावं." पाचव्या दिवशी ते खोडून पुन्हा कोरी. असे नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांत एक रविवार होता. तो आणि वहिनी आमच्याकडे जेवायला आले होते. कोथरूडच्या फ्लॅटला कुठला रंग द्यायचा, बाबांची कॉट कुठल्या खिडकीशी ठेवायची, मी अखंड बोलत होते. तो मान खाली घालून आमटीभात खात होता. "एवढा गप्प का रे दादा?" मी विचारलं. "प्रवासानं दमलास का?"

"हो," तो म्हणाला. "दमलोय जरा."