आईच्या गप्प दिवसांतला ऑपेरा

माझ्या आईला गप्प बसवणं आमच्या घरात कोणालाच जमलेलं नव्हतं. ते शेवटी अलिबागच्या डॉक्टरांनी केलं. तिच्या स्वरयंत्रावरची छोटी गाठ काढली आणि सांगितलं, पंधरा दिवस एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. श्रीवर्धनला आमच्या आळीतल्या बायकांच्या भजनात आई तीस वर्षं पुढे बसून म्हणणारी. ती ओळ म्हणणार आणि मागच्या बायका झील धरणार, म्हणजे तीच ओळ उचलून पुन्हा म्हणणार. पेटीवरच्या काळी पाचच्या सुराखाली ती कधी उतरली नाही आणि त्याचा तिला भारी तोरा होता. आता तो आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

मी रजा टाकून घरी आले ती पहारा द्यायला. आई सुपाऱ्या सोलत टीव्हीसमोर बसायची. नाट्यसंगीताचा कार्यक्रम लागला की तोंड बंद, पण गळा हलायचा. "बघ गो, म्हणतेय ती आतल्या आत!" बाबा ओरडायचे. मी टीव्ही बंद करायचे आणि आई माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मी तिच्यासमोरचं ताट उचललंय.

मग मला एक नामी युक्ती सुचली. तिला येतच नाही असं गाणं लावायचं. शोधता शोधता परदेशी ऑपेराचे कार्यक्रम सापडले. तालमी, मुलाखती, मधेमधे गाणी. भाषा कळत नाही, चाल ओळखीची नाही, तेव्हा सोबत म्हणायचा प्रश्नच नाही. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

पहिल्या दुपारी आईने वहीत लिहिलं, "हिला घरात कोणी दटावत नाही का?" दुसऱ्या दुपारी लिहिलं, "मरायला टेकलीय ना? मग एवढा दम कुठून आणते?" खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी गोष्ट सांगायचे आणि घाईघाईत नवऱ्याचा भाऊ करून टाकायचे. बाबांचा तर सगळाच गोंधळ. "आता ही कोण? मघाचीच का? मला सगळ्यांचा आवाज सारखाच लागतो." आई कपाळावर हात मारायची. कोणाचा श्वास तोकडा पडतो, कोण सूर खालून उचलते, हे तिला लगेच कळायचं आणि ते वहीत उतरायचं. पाचव्या दिवसापासून चहा झाला की तीच रिमोट आणून माझ्या हातात द्यायला लागली. मला त्या दुपारी फार आवडल्या. एरवी आम्ही दोघी इतका वेळ भांडण न होता कधी बसलो नव्हतो.

एकदा एका म्हाताऱ्या गायिकेवरचा कार्यक्रम लागला. एके काळी ती नायिका व्हायची. मग वरचा आवाज गेला, आणि आता ती त्याच रंगमंचावर मोलकरणीच्या वेषात, मागच्या घोळक्यात उभी राहून गाते. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, पहिल्यांदा घरी जाऊन रडायचे. मग लक्षात आलं, मागून सगळं गाणं ऐकू येतं. आईच्या हातातली सुपारी हातातच राहिली. तिने लिहिलं, "परत लाव." मी तीनदा लावलं. मला वाटलं, बाईचा तो झालरीचा टोप आवडला असेल.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी तपासलं. बोला म्हणाले, गायलाही हरकत नाही, पण खालच्या सुरात. वर ताणायचं नाही, आता कधीच नाही. मी आईकडे बघायचं टाळलं. बोलायची मुभा मिळूनही अलिबागपासून घरापर्यंत ती गप्प होती आणि बाबा उगाच रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या देत होते. घरीही हो-नाहीच्या पलीकडे ती गेली नाही. भजन सुटलं की ही खचणार, असं मी धरूनच चालले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, भजनाचा वार. आई पातळ बदलून, टाळ घेऊन आपली आपण निघाली. मीही मागोमाग गेले. देवळात बायकांनी तिची पुढची जागा मोकळी ठेवली होती. तिथे न थांबता ती थेट मागे, भिंतीजवळ झील धरणाऱ्या बायकांत जाऊन बसली. शेजारच्या काकू वीस वर्षं तिच्या मागे बसत आलेल्या. त्यांना म्हणाली, "आज तू पुढे जा गो. तुला झेपेल त्या सुरात घे." आवाज घोगरा, खालचा, अगदी परका. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला न्हाय जमायचं."

"जमतंय. मी हाय मागे."

मी बाहेर पायरीवर बाबांशेजारी जाऊन बसले. आमच्याकडे बायकांच्या भजनाला पुरुष आत जात नाहीत. बाबा इतकी वर्षं तिथेच बसून तिला ऐकत आलेत. आत काकूंनी चाचरत सुरुवात केली आणि मागच्या बायकांनी ओळ उचलली. मी कान देऊन शोधत राहिले, पण मला आई सापडेना. इतके दिवस जो आवाज जपला तोच मला ओळखू येत नव्हता, आणि मला रडू फुटलं.

बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब," म्हणाले. पुढच्या ओळीला त्यांनी बोट वर केलं.

"ही बघ. खालून येतेय ना, ही आपली."