सहीबाईंनी न उघडलेलं फाटक

बायकांच्या तुरुंगाच्या फाटकावर त्यांनी उभी हयात काढली. त्यांना नावाने हाक मारणारा एक नवराच. बाकी शिपायांपासून कैद्यांपर्यंत सगळ्यांसाठी त्या सहीबाई. कारण गाडी कुणाचीही असो, न्यायाधीशाच्या सहीचा हुकूम आधी त्यांच्या हातात पडावा लागे. तो त्या चष्मा पुसून, ओठ हलवत सावकाश वाचत आणि तोवर पोलीस उन्हात करपत.

मायाळू वगैरे त्या मुळीच नव्हत्या. झडतीत वेणीतली पिनसुद्धा सोडत नसत. भेटीची वेळ संपली की रडणाऱ्या आईलाही उठवत. पण एखादीच्या सुटकेचा दिवस आला की कार्यालयाच्या दारात ठाण मांडून बसायच्या. अधिकारी म्हणायचे, कारकून रजेवर आहे, उद्या सोडू. बाई म्हणायच्या, मग आजची रात्र तिला ठेवायचा हुकूम दाखवा. अधिकारी कपाळाला हात लावत आणि स्वतःच कागद तयार करायला बसत. कैद्यांना बाईंचा राग यायचा आणि भरवसाही वाटायचा.

मग गिरण्यांचा संप चिघळला. सरकारने जादा अधिकार हाती घेतले आणि ते थोड्या काळापुरतेच आहेत असं जाहीर केलं. त्या दिवसांत एका दुपारी बंद गाडी फाटकाशी येऊन थांबली. पोलीस अधिकाऱ्याने एका बाईला खाली उतरवलं. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुणारी होती. सोड्याने हात पांढरे पडलेले, कामावरचा एप्रन अजून अंगावर तसाच.

सहीबाईंनी जाळीतून हात पुढे केला. अधिकारी म्हणाला, हुकूम तोंडी आहे, वरून आलाय.

"वरून म्हणजे कुणाकडून?"

"वर म्हणजे वर, बाई. आता सगळीकडे असंच चाललंय."

"हिने केलं काय?"

"हिने नाही. हिचा मुलगा संपवाल्यांचा पुढारी आहे, फरार झालाय. तो हजर झाला की हिला सोडू."

"मग त्याला शोधा. आईला ओलीस ठेवायला हे गुदाम नाही."

तेवढ्यात धुलाईवालीच जाळीजवळ आली. "घ्या ना मला आत," ती हळूच म्हणाली. "इथे निदान सगळ्या बायका आहेत."

सहीबाईंनी तिला समजावलं, की कागदाशिवाय आत घेतलं तर बाहेर कधी काढायचं हे कुणालाच ठरवता येणार नाही, आणि आज तुला घेतलं तर उद्या कुणालाही घ्यावं लागेल. बोलणं रास्त होतं. धुलाईवालीचे हात मात्र जाळीवरच होते. अधिकाऱ्याने तिला पुन्हा गाडीत बसवलं आणि गाडी वळून निघून गेली.

सहीबाईंना वाटलं, आता नाइलाजाने तिला घरीच सोडतील. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. अधिकाऱ्याचं तोंड कसं पडलं ते त्यांनी जेवताना नवऱ्याला नक्कल करून दाखवलं.

काही दिवसांनी धुलाईवालीची थोरली बहीण फाटकावर आली. तिने सगळी पोलीस ठाणी पालथी घातली होती. सगळीकडे एकच उत्तर मिळालं होतं, अशा कुणा बाईला आम्ही धरलेलं नाही. सहीबाईंना कळलं, गाडी घराकडे गेलीच नव्हती.

त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याला सांगितलं, मी कोर्टात जाऊन जबाब देणार. तो भला माणूस होता, पण घाबरलेला. त्याने दार लोटून घेतलं आणि म्हणाला, तुम्ही तर तिला आत घेतलंच नाही, मग तुमचा संबंध काय? घरी नवरासुद्धा तेच म्हणाला.

"तू नियम पाळलास ना? मग आता गप्प राहा."

"माझ्यानंतर तिला कुणी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "गप्प कशी राहू?"

बहिणीने कोर्टात अर्ज केला, आणि तिथे सहीबाईंनी गाडी, अधिकारी, एप्रन, सगळं सांगितलं. सरकारी वकिलाने विचारलं, तुरुंगात तिची नोंद आहे का? नाही, त्या म्हणाल्या, मी फाटक उघडलंच नव्हतं. मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. बाईला हजर करा, असा आदेश त्यांनी दिला. ती आमच्याकडे नाही, असं पोलिसांनी लिहून दिलं. पुढच्या तारखेला खुर्चीवर दुसरेच न्यायाधीश होते, आणि सहीबाई नोकरीतून निलंबित झाल्या होत्या. शेजारीपाजारी त्यांना पाहून जिन्यात वाट बदलू लागले.

आईसाठी मुलगा आपणहून हजर झाला. पोलिसांनी त्याला आत टाकलं, पण आईला लगेच सोडलं नाही. थंडी सुरू झाल्यावर कुणीतरी तिला शहराबाहेर रस्त्याच्या कडेला उतरवून गेलं. तिच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नव्हती.

सहीबाई तिला भेटायला गेल्या. बहिणीच्या एका खोलीच्या घरात ती भिंतीला टेकून बसली होती. सहीबाईंनी तिला नव्या न्यायाधीशांपुढे जबाब देण्याची विनंती केली. तुम्ही सांगितलंत तर पोलिसांना नाकारता येणार नाही, असं त्या पुनःपुन्हा म्हणाल्या.

धुलाईवालीने सगळं ऐकून घेतलं. "त्यांनी मला नेलं त्या जागेला फाटक नव्हतं, बाई," ती म्हणाली. "कुणी मोजायलाही नव्हतं. तुम्ही उघडलं असतंत, तर मी तुमच्या तुरुंगात राहिले असते."

सहीबाईंच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. वाटेत येताना त्यांनी ते मनात घोळवलंही होतं. "खरं आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

"आणि आता तुम्हाला माझा जबाब हवाय."

बहिणीने उठून दार उघडलं. सहीबाई चपला घालून निघाल्या.

धुलाईवालीने जबाब दिला नाही. मुलगा पोलिसांच्या ताब्यात होता, देणार कशी? पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद झालं. तो पोलीस अधिकारी बढती घेऊन दुसऱ्या शहरात गेला. थोड्या काळापुरते घेतलेले अधिकार पुढे कायद्यात कायमचे घालण्यात आले. फाटकावर नवी बाई आली. तोंडी हुकमावरही ती कडी काढते, असं सहीबाईंच्या कानावर आलं.

एकदा भाजी निवडता निवडता नवऱ्याने बिचकतच विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील?

त्यांनी हातातला देठ खुडला.

"नाही उघडणार," त्या म्हणाल्या. "आणि तिला कधी तोंडही दाखवू शकणार नाही."