काणीचं औषध

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी निघालो. मनमाडची गाडी सुटायला आली तरी माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, जालन्याच्या फलाटावर आलेल्या आमच्या धावडा गावच्या मंडळींना सांगतच होते की पोरगा विलायतेला काणीवर शिकायला चाललाय. बियाण्याला गंधक चोळूनही आमच्या ज्वारीत काणी यायची, दाण्याच्या जागी नुसती काळी भुकटी. गाडी हलली तसे ते खिडकीशी आले. "औषध घेऊनच ये. जल्दी न्हाई, पण बराबर आण."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल, घरचे पाठवतात एका कामाला आणि तिथे हाती देतात भलतंच. मला मिळाली मक्यावरची काणी, आमच्या काणीच्या भावकीतली. ही बुरशी नायट्रेट पचवणारं एन्झाइम कोणत्या जीनच्या हुकमाने बनवते, एवढंच शोधायचं. अमोनिया, म्हणजे तयार नत्र, मिळाला की ती ते एन्झाइम बनवतच नाही. आयतं ताटात आल्यावर चूल कोण पेटवेल? बुरशी वाढवायच्या काचेच्या बशा, धुकं, बेचव बटाटे आणि पुन्हा बशा. वैताग नुसता. शेवटी तो जीनच बिघडलेली बुरशी हाती लागली. नायट्रेटवर ती उपाशी राहायची. मला वाटलं, सापडलं औषध! मक्याच्या रोपात टोचली, तर तिथे मजेत फोफावली, कारण झाडच तिला तयार नत्र पुरवत होतं. प्राध्यापक खूश झाले, त्यांना छापायला निबंध मिळाला. मी खोलीवर येऊन रडलो, रागाने.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा मळणी चालू होती. दादांनी खळ्यावर सगळ्यांसमोर एक काळं कणीस माझ्या हातात दिलं. मी खरं ते सांगितलं. बुरशी काय खाते ते कळलं, तिला मारायचं कसं ते नाही. शेजारचा भीमराव म्हणाला, "मंग इतकी वर्सं काय करून राह्यला?"

दादाच पुढे झाले. "काम चालू हाय त्याचं. झालं की येईल."

काम संपलं होतं, आणि ते त्यांना आदल्या दिवशीच मी सांगितलं होतं. त्यांनी माझी लाज राखली, पण रिकाम्या हाताने परतायची वाटही बंद केली. त्याचा मला फार राग आला, अजून येतो. आता दादा नाहीत आणि मी इकडचाच झालोय. घर कुठलं विचारलं की धावडा सांगतो. तिथे अजून माझं काम चालू आहे.